ना गाजर, ना गवत

गेली तीन-चार वर्षं आमच्याकडे गणपती गेले की बाबांच्या हातांवर पुरळ उठतं. आधी मनगटापासून कोपरापर्यंत लाल चट्टे, मग खाज, मग रात्रीची जागरणं. कधी मानेवर आणि पापण्यांवरही येतं. पहिल्या वर्षी आम्ही साबण बदलला, दुसऱ्या वर्षी कपड्यांची पावडर बदलली, गेल्या वर्षी आईने घरात वांगी आणणं बंद केलं. यंदा डॉक्टरांनी हात उलटसुलट करून पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "अंकल, गाजर घास उखाडते हैं क्या?"

उखाडते हैं म्हणजे काय! गल्लीच्या टोकाचा मोकळा प्लॉट बाबांनी जवळजवळ दत्तकच घेतलाय. मालक दुसऱ्या शहरात असतात. दर वर्षी पाऊस ओसरला की, साधारण पितृपक्षात, बाबा सकाळचा चहा घेऊन तिकडे जातात आणि छातीएवढं वाढलेलं गाजर गवत नुसत्या हातांनी उपटून भिंतीकडेला ढीग रचतात. हातमोजे घाला म्हटलं की उत्तर ठरलेलं : "कारखान्यात आयुष्यभर ग्रीसमध्ये हात घातले, हा पाला मला काय करणार?"

त्याच सुमारास माझी पुतणी, नववीतली, सहामाहीचा अभ्यास करत बसली होती. "काका, बायो म्हणजे नुसत्या डेफिनिशन. फोटोसिंथेसिस वेगळं, इकोसिस्टिम वेगळं, इम्युनिटी वेगळी. सगळं रटायचं." मी दहावीनंतर जीवशास्त्राला रामराम ठोकलेला माणूस, दिवसभर कोडमधल्या चुका शोधणारा. पण बाबांच्या हातांचं कोडं सोडवताना आम्हा दोघांना तिचं अख्खं पुस्तक त्या प्लॉटवर सापडलं. म्हणून या वेळचा लेख एकाच झाडावर. वाचून लगेच प्लॉटवर धावू नका. या झाडाला उघड्या हाताने शिवायचं नाही, आणि ज्याला दम्याचा किंवा शिंकांचा त्रास आहे त्याने जवळही जायचं नाही. मोबाइलचा कॅमेरा झूम करून सगळं दिसतं.

आधी नाव. मराठीत गाजर गवत, कुणी काँग्रेस गवत म्हणतं (पांढऱ्या फुलांवरून कुणाला तरी टोप्या आठवल्या असाव्यात), इथे भोपाळमध्ये गाजर घास. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. पाला गाजरासारखा कातरलेला म्हणून गाजर, बाकी गाजराशी याचा काही संबंध नाही. आणि गवताशी तर मुळीच नाही. गवताच्या कुळात गहू, तांदूळ, ऊस, बांबू. हे झाड सूर्यफुलाच्या कुळातलं, म्हणजे शेवंती आणि झेंडूचं चुलत भावंड. आपण ज्याला एक फूल म्हणतो ते खरं तर अनेक बारीक फुलांचा गुच्छ असतो, ही या कुळाची खूण. गाजर गवताचं ते पांढरं "फूल" जेमतेम चार मिलिमीटरचं. नीट पाहिलं तर त्याला पाच कोपरे दिसतात. त्या प्रत्येक कोपऱ्यावर एक मादी फूल असतं आणि प्रत्येकातून एक बी तयार होतं. मधली फुलं नर, ती फक्त पराग देतात. एका गुच्छाला पाच बिया, हिशेब सोपा.

आता गुणाकार करा. चांगल्या वाढलेल्या एका झाडाला १५ ते २५ हजार बिया धरतात. म्हणजे एका झाडावर निदान तीन हजार गुच्छ. त्यातल्या हजारात एकच बी जगलं असं धरलं तरी एका झाडाची पंधरा होतात, पुढच्या पिढीत सव्वादोनशे. आणि पाणी मिळत राहिलं तर या झाडाच्या वर्षात दोन-तीन पिढ्या सहज होतात, कारण बी रुजल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येतं. पुतणीने कॅल्क्युलेटरवर पाचव्या पिढीपर्यंत नेलं. सात लाखांच्या वर आकडा आल्यावर तिने मोबाइल बाजूला ठेवला.

बी एक-दोन मिलिमीटरचं, हलकं. वाऱ्याने जातं, पावसाच्या पाण्याने वाहतं, ट्रकच्या टायरला चिखलाबरोबर चिकटतं. गोविंदपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रस्त्यांच्या कडा पाहा, ट्रक जिथे उभे राहतात तिथे हे हमखास दिसेल. कित्येक झाडांच्या बिया ठरावीक थंडी किंवा ऊन मिळेपर्यंत झोपून राहतात. याला तसली फारशी अट नाही. ओल मिळाली की रुजायचं. जे बी मातीत खोल गाडलं गेलं ते मात्र वर्षानुवर्षं तसंच जिवंत राहतं आणि कुणी खणलं, नांगरलं, पायासाठी माती उकरली की वर येऊन रुजतं. याला बीजपेढी म्हणतात. घराच्या बांधकामासाठी आणलेल्या मातीच्या ढिगावर पहिल्या पावसानंतर आठवडाभरात गाजर गवत का उगवतं, त्याचं उत्तर हे. तुमच्या प्लॉटची ठेव दुसऱ्याच्या प्लॉटवरून आलेली असते.

रुजल्यावर ते लगेच उंच होत नाही. पहिली पानं जमिनीला चिकटून गोल पसरतात, ताटात वाढलेल्या केळीच्या पानासारखी. त्या चकतीखाली जमिनीवर उजेडच पोचत नाही, त्यामुळे शेजारी रुजलेलं गवताचं पातं पिवळं पडून मरतं. जागा अशी मोकळी करून घेतली की मग मधून खोड वर जातं. तेवढ्यात सोटमूळ खाली खोल गेलेलं असतं. वरून कापलं तर बुडातून पुन्हा फुटवे येतात आणि बुटक्या फांद्यांवरच फुलं धरतात. गवत कापायच्या यंत्राने ते मरत का नाही, हे कळलं असेल.

आता पानाच्या आत जाऊ. शाळेत आपण पाठ करतो : कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि सूर्यप्रकाश यांतून साखर आणि प्राणवायू. बरोबर आहे, पण यात झाडाची खरी अडचण कुठे दिसतच नाही. पानाच्या खालच्या बाजूला बारीक भोकं असतात, पर्णरंध्रं. त्यांतून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच भोकांतून झाडातलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. मे महिन्यातल्या दुपारी खिडकी उघडी ठेवावी तर घर तापतं, बंद करावी तर जीव गुदमरतो, तसली कोंडी. भोकं मिटली की पानात कार्बन डायऑक्साइड कमी आणि प्राणवायू जास्त होतो. कार्बन डायऑक्साइड पकडायचं काम रुबिस्को नावाचं विकर करतं, आणि त्याची एक जुनी खोड आहे : कार्बन डायऑक्साइड मिळाला नाही तर ते चुकून प्राणवायूच पकडतं. मग ती चूक निस्तरायला झाडाला ऊर्जा खर्च करावी लागते आणि हातात आलेला थोडा कार्बन परत निसटतो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. गहू, तांदूळ, हरभरा सगळे हा तोटा सोसतात. ज्वारी, मका, ऊस यांनी त्यावर तोड काढली आहे. ते कार्बन डायऑक्साइड आधी एका प्रकारच्या पेशीत साठवून मग आतल्या पेशींत रुबिस्कोजवळ दाटीने सोडतात, म्हणजे त्याला चुकायला वावच राहत नाही. पहिल्या गटाला सी-थ्री म्हणतात, दुसऱ्याला सी-फोर.

गाजर गवत दोन्हींच्या मधलं आहे. ऊस-मक्याची पूर्ण यंत्रणा त्याच्याकडे नाही, पण रुबिस्कोच्या चुकीतून निसटणारा कार्बन डायऑक्साइड ते पानाच्या आतच, शिरांभोवतीच्या पेशींमध्ये पुन्हा पकडतं. ऊन कडक आणि ओल कमी असताना याचा त्याला उपयोग होतो. सी-थ्री आणि सी-फोर हे पुस्तकात दोन चौकोन काढून शिकवतात, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला दोन्ही चौकोनांत न बसणारं झाड उभं होतं. मला स्वतःला हा भाग सगळ्यात आवडला. पुतणीला नाही आवडला. परीक्षेत येणार नाही म्हणाली.

तिला आवडला तो वाटीतला प्रयोग. गाजर गवताच्या पानांत आणि मुळांत पार्थेनिन नावाचं रसायन असतं. ते पावसाने धुपून, पानं कुजून मातीत उतरतं आणि आसपासच्या बियांचं रुजणं रोखतं. एका झाडाने रसायन सोडून दुसऱ्याच्या वाढीवर परिणाम करायचा, याला इंग्रजीत ॲलिलोपॅथी म्हणतात. हे खरं का ते आम्ही मुगावर पाहिलं. मी हातमोजे घालून पानं आणली, चेचून रात्रभर पाण्यात ठेवली, ते पाणी गाळलं. एका वाटीत साध्या पाण्यातले मूग, दुसरीत या पाण्यातले. मोड आणायला आपल्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. दोन दिवसांनी पहिल्या वाटीत उसळ करण्याजोगे मोड, दुसरीत निम्म्याहून जास्त मूग तसेच टणक आणि बाकीच्यांना तांदळाच्या कणीएवढी मुळं.

मी खूश. पण पुतणी म्हणाली, "काका, कुठल्याही पाल्याचा घट्ट रस घातला असता तर? कदाचित मुगाला नुसतं गढूळ पाणीच आवडलं नसेल."

प्रश्न अगदी योग्य होता, आणि मला तो सुचला नव्हता. मग तिसरी वाटी, कोथिंबिरीच्या रसाची, तेवढीच पानं, तेवढंच पाणी. त्यातले मूग थोडे मागे पडले, पण मोड आले. म्हणजे तिचाही मुद्दा थोडा खरा होता आणि गाजर गवताचा वेगळा परिणामही खरा होता. ही तिसरी वाटी नसती तर आम्ही जे बघायचं ठरवलं होतं तेच बघून मोकळे झालो असतो. (ते मूग आणि वाट्या दोन्ही टाकून दिल्या. आईने विचारायच्या आधी.)

याच पार्थेनिनने बाबांचे हात धरले होते. पण बाबांचा प्रश्न रास्त होता : इतकी वर्षं उपटतोय, तेव्हा काही झालं नाही, मग आताच का? आम्लाने भाजतं तसं हे भाजणं नाही, ही शरीराची आठवण आहे. पार्थेनिनसारखा छोटा रेणू त्वचेत शिरून आपल्याच प्रथिनाला चिकटतो. रोगप्रतिकारक यंत्रणेतल्या टी-पेशी ते पाहतात, एखाद्याच्या शरीरात त्या कधीतरी त्याला शत्रू ठरवतात आणि मग लक्षात ठेवतात. हे ठरायला काही आठवडे लागतील किंवा काही वर्षं. एकदा ठरलं की पुढच्या प्रत्येक स्पर्शाला एक-दोन दिवसांत पुरळ. म्हणजे आधी काही झालं नाही हा बाबांचा बचाव नव्हता, तीच तयारी होती. पापण्यांवर येतं कारण वाळलेल्या पाल्याची धूळ आणि पराग हवेतून बसतात. हात न लावताही त्रास होऊ शकतो तो यामुळे. पुण्यात हे तण पसरल्यावर तिथल्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकातच अशा रुग्णांबद्दल लिहिलं होतं.

पुण्याचं नाव मुद्दाम घेतलं, कारण भारतातली याची गोष्ट आपल्या पुण्यापासूनच सांगतात. वनस्पतिशास्त्रज्ञ आर. शेषगिरी राव यांनी १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात हे झाड "भारतासाठी नवी नोंद" म्हणून प्रसिद्ध केलं, ते पुण्यात सापडलेल्या झाडांवरून. त्याआधी १९५१ मध्ये प्रा. परांजपे यांना पुण्यातच उकिरड्यांवर ही झाडं तुरळक दिसली होती, असा उल्लेख तणशास्त्राच्या लेखांत येतो.

आणि इथे आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाणारी गोष्ट आठवते : अमेरिकेने पीएल-४८० योजनेत लाल गहू पाठवला, त्यातून हे आलं. बाबाही हेच सांगतात, रेशनच्या रांगेच्या वर्णनासकट. पण तारखा लावून पाहा. माझ्या धंद्यात बिघाड आधी आणि बदल नंतर असेल, तर त्या बदलाला दोष देता येत नाही. भारताशी पीएल-४८०चा पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. झाड पुण्यात त्याआधीच उभं होतं. हां, अमेरिकेचं धान्य त्याआधीही आलं होतं. १९५१ मध्ये वीस लाख टन धान्यासाठी अमेरिकेने भारताला खास कायदा करून कर्ज दिलं होतं. तेव्हा धान्याबरोबर बी आलं असेल हे शक्य आहे, पुढच्या जहाजांतून आणखी आलं असेल हेही शक्य आहे. पण गंमत अशी की कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातल्या झाडांची जी यादी रॉक्सबर्गच्या नावावर १८१४ मध्ये छापली गेली, तिच्यातही हे नाव आहे. म्हणजे दीडशे वर्षं आधी कुणीतरी हे झाड बागेत हौसेने लावलं होतं आणि ते तिथून देशभर पसरलं नाही. येणं एक आणि पसरणं दुसरं. उकरलेल्या जमिनी, वाढते रस्ते, मालमोटारी आणि रेल्वे यांनी त्याला वाट करून दिली, बोट मात्र आपण गव्हाच्या पोत्याकडे दाखवतो.

मूळ घर मेक्सिको आणि आसपासची उष्ण अमेरिका. तिकडे ते इतकं माजत नाही. का? तिथे त्याला खाणारे, त्याच्यावर वाढणारे किडे आणि बुरशा आहेत. हजारो वर्षांत झाड आणि त्याचे शत्रू एकमेकांना ओळखून आहेत. इकडे झाड आलं, शत्रू मागेच राहिले. गाय तोंड लावत नाही, आणि दुष्काळात लावलंच तर दूध कडू होतं. चरणारं कुणी नाही, कुरतडणारं कुणी नाही, शेजाऱ्यांना रुजू द्यायचं नाही : परकीय प्रजाती आक्रमक होते ती अशी. आपल्याकडे केरवा आणि कलियासोतच्या जंगलपट्ट्यात वाघांचा वावर आहे, शहराच्या अगदी काठावर. अशा जंगलाच्या कडेला गवताची जागा या झाडाने घेतली की चितळाचं ताट कमी होतं, आणि चितळ हटलं की वाघाचंही. अन्नसाखळीची आकृती पुस्तकात गवतापासून सुरू होते. तिच्या पहिल्याच कडीवर हे झाड येऊन बसतं.

मग शत्रूला मेक्सिकोहून बोलवायचं ठरलं. झायगोग्रामा बायकोलोराटा नावाचा भुंगा, जेमतेम सहा मिलिमीटर, फिकट पिवळट पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा. १९८३ मध्ये तो बंगळुरूला आणला, तो दुसरं काही खात नाही ना याच्या चाचण्या केल्या आणि १९८४ मध्ये मोकळा सोडला. प्रौढ भुंगाही पानं खातो आणि त्याची अळीही, वाढीचा कोवळा शेंडाच खाऊन टाकते. फुलं येण्याआधी शेंडा गेला की बियांचा हिशेबच संपला.

काही वर्षांनी, १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, कर्नाटकात तो सूर्यफुलाच्या शेतात दिसला आणि एकच गहजब झाला. पीक खाणारा किडा सरकारनेच आणून सोडला! चौकशी समिती बसली. शास्त्रज्ञांनी बारकाईने पाहिलं तर असं निघालं की शेजारच्या गाजर गवताचे पराग उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसत होते, आणि भुंगा त्या वासाला, त्या चवीला फसून ती पानं कुरतडत होता. पराग पुसलेल्या सूर्यफुलावर त्याचं मन रमत नव्हतं. सूर्यफूल याच कुळातलं, हेही विसरू नका. भुंग्याला निर्दोष ठरवलं गेलं. आज आपल्याच मध्य प्रदेशात जबलपूरला तण संशोधन निदेशालय आहे, भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं. तिथे हे भुंगे वाढवून वाटले जातात, आणि दर वर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजर घास जागृती सप्ताह असतो.

भुंगा आहे तर मग गाजर गवत संपत का नाही? कारण दोघांची घड्याळं वेगळी आहेत. हिवाळ्यात भुंगा जमिनीत शिरून निजतो आणि पहिल्या पावसानंतर वर येतो. तोवर त्याची संख्या थोडी. झाड मात्र त्याच पावसात हजारोंनी उगवलेलं. भुंग्याची एक पिढी अंड्यापासून प्रौढापर्यंत यायला जवळपास महिना लागतो, म्हणून त्याची फौज उभी राहते ती ऑगस्टच्या शेवटी आणि सप्टेंबरमध्ये. मग तो प्लॉटच्या प्लॉट काड्या करून टाकतो, खायला संपलं की संख्या पडते, थंडी येते, तो झोपतो, आणि राहिलेल्या ओलीवर उगवणारं हिवाळी गाजर गवत निर्धास्त वाढतं. भक्ष्य आणि भक्षकाचा एकामागून एक चढणारा-उतरणारा आलेख पुतणीच्या पुस्तकात आहे, ससा आणि कोल्हा काढून. भोपाळमध्ये तिने ससा पाहिलेला नाही, कोल्हाही नाही. हे दोघं मात्र रोज शाळेच्या वाटेवर होते.

सप्टेंबरमध्ये आम्ही दोघं लांबूनच, मोबाइल काठीला बांधून, प्लॉटचे फोटो काढत होतो. पुतणी एकदम ओरडली. पानं चाळणीसारखी झाली होती आणि रेघावाले भुंगे होते, एका फांदीवर सात. आम्ही बाबांना दाखवले. ते जरा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "हे तर दर वर्षी असतात. मी उपटताना झटकून टाकतो."

दर वर्षी. म्हणजे गेली कित्येक वर्षं बाबा भुंग्यांची फौज जमली की नेमकी त्याच वेळी त्यांच्या पायाखालचं घर काढत होते. आणि तोवर जी झाडं वाचली ती फुलून, बी धरून बसलेली. ती उपटून भिंतीकडेला वाळत टाकली की वाऱ्याचं काम सोपं. गेल्या वर्षी त्यांनी मिठाचा उपाय केला होता, लिटरभर पाण्यात पाव किलो मीठ. झाडं मेली खरी, कारण पानाबाहेर इतकं खारट पाणी असलं की परासरणाने पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं, कैरीला मीठ लावल्यावर पाणी सुटतं तसंच. पण ते मीठ मातीत राहिलं, भिंतीला पांढरा लोणा आला आणि तिथे आता दुसरं काहीही उगवत नाही. फक्त फरशीच्या फटींत एक-दोन रोपं असतील तर मीठ ठीक.

हे सगळं सांगायला सोपं, बाबांना सांगायला नाही. निवृत्तीनंतर तो प्लॉट हे त्यांचं रोजचं काम होतं, आणि आम्ही म्हणत होतो की ते चुकीच्या वेळी आणि आपल्या कातडीची किंमत देऊन चाललंय. ते दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पुतणीला विचारलं, "मग उपटायचं कधी?"

पाऊस सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी, पानांची चकती असताना, माती ओली असताना, म्हणजे सोटमुळासकट निघतं. बाह्यांचा शर्ट, हातमोजे, तोंडाला रुमाल. हे काम बाबांचं नाही, ज्यांना अजून पुरळ येत नाही त्यांचं, आणि आम्हीही उघड्या हाताने नाही, कारण आमच्या टी-पेशींनी अजून काही ठरवलेलं नाही एवढंच. ऑगस्टनंतर जिथे भुंगे दिसतील तिथे हात लावायचा नाही. फुलाआधी उपटलेल्या झाडांचं खत होतं. नाडेपच्या टाक्यात शेण-मातीचे थर देऊन कुजवलं की पार्थेनिन मोडतं. नाडेप हा शब्द आपल्याकडे गावोगाव हिंदीत सर्रास वापरतात. तो नारायण देवराव पांढरीपांडे या यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाच्या नावाची आद्याक्षरं आहेत, हे पुतणीला सांगितल्यावर बाबा जरा खुलले.

आणि रिकामी झालेली जागा रिकामी ठेवायची नाही, नाहीतर बीजपेढीतून पुन्हा तेच. तिथे टाकळा. हो, तोच, पावसाळ्यातली कोवळी भाजी. इथे त्याला चकौडा म्हणतात. तो दाट उगवतो आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला गाजर गवताला उजेड मिळू देत नाही. रात्री त्याची पानं जोडीजोडीने मिटतात, ते बघायला टॉर्च घेऊन जा. पाच नंबर रस्त्यापलीकडच्या मैदानात टाकळ्याच्या शेंगा आत्ता वाळल्या आहेत, बाबांनी त्या फिरायला जाता-येता खिशातून आणून डालड्याच्या जुन्या डब्यात भरून ठेवल्या आहेत. टाकळ्याने त्यांना काही होत नाही, हेही आम्ही आधी डॉक्टरांना विचारून घेतलं.

पुरळ ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत ओसरलं. पूर्ण नाही, कोपराजवळ एक काळसर डाग आहे आणि वाळलेल्या पाल्याची धूळ उडाली की अजून खाजतो. गेल्या आठवड्यात नवीन वर्षाचं कालनिर्णय आणलं. दुधाचा हिशेब लिहायच्या आधी बाबांनी जुलैचं पान उलटलं आणि दुसऱ्या रविवारच्या चौकोनात बारीक अक्षरांत लिहिलं : "गाजर. फुलाआधी. मुलांना हातमोजे."